चार टिंबं

अरबीत ‘बिन्त’, म्हणजे मुलगी, हा शब्द लिहायला तीन अक्षरं लागतात आणि चार टिंबं. आधी एक छोटासा दात, त्याच्या खाली एक टिंब, तो ‘बा’. मग तसाच दुसरा दात, पण टिंब वर, तो ‘नून’. शेवटी पसरट होडीसारखा ‘ता’, त्याच्या डोक्यावर दोन टिंबं शेजारी शेजारी. टिंबं काढून घेतली तर उरते नुसती वेडीवाकडी रेघ, तिच्यातून काय हवं ते वाचा. हे मला शिकवलं तिसरीतल्या एका मुलीने. आणि माझ्या शेजारी मांडी घालून तेच गिरवत बसली होती तिची साठीला आलेली आजी.

1998 सालची गोष्ट. मस्कतजवळ सीबला एका ओमानी घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. खाली घरमालक, त्यांची बायको, पाच मुलं आणि म्हातारी आई. तिला सगळं घर ‘बीबी’ म्हणायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच. नंतर कळलं की स्वाहिलीत बीबी म्हणजे आजी. बीबींचे यजमान तरुणपणी झांझिबारला लवंगांच्या व्यापारात होते. 1964 ला तिथे क्रांती झाली तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी परत आले. “वडिलांनी तिकडून आणलेली इस्टेट म्हणजे हा एक शब्द,” असं घरमालक हसत सांगायचे. त्यांचं हिंदी मुंबईतल्या टॅक्सीवाल्यासारखं अस्खलित होतं. बीबींचं आणि माझं संभाषण मात्र थोडं अरबी, थोडं हिंदी आणि बरंचसं हातवारे असं चालायचं.

त्या घरात मला माझं नाव नव्हतं. मी ‘उम्म साई’. मुलीचं नाव सई, ते त्यांच्या तोंडी साई झालं होतं. उम्म म्हणजे आई, अबू म्हणजे बाप, आणि पुढे थोरल्या मुलाचं नाव. घरमालकांनाही सगळा मोहल्ला थोरल्याच्या नावानेच हाक मारायचा. हा मान आहे, जवळीकही आहे. मला ते परकं वाटलं नाही, माझी आजी आयुष्यभर ‘बंडूची आई’च होती. आमची सई मुलगी, म्हणून बीबींनी ते नाव तात्पुरतं धरलं होतं. मुलगा झाला की बदलू, असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. मुलगा झाला नाही, मग ‘उम्म साई’च राहिलं.

एकदा शेजारच्या लग्नाची पत्रिका आली. जाड कागद, सोनेरी अक्षरं. नवऱ्या मुलाचं नाव होतं, त्याच्या बापाचं होतं, मुलीच्या बापाचं होतं. मुलीचं नव्हतं. ‘यांची सुकन्या’ एवढंच. मी नाक मुरडलं. घरमालकीण म्हणाली, बाहेरच्या चार माणसांच्या हातात मुलीचं नाव कशाला द्यायचं? तिच्या बोलण्यात कुठलीही तक्रार नव्हती. जपून ठेवायची वस्तू आपण कपाटात ठेवतो, तसा तिचा सूर होता.

पण माझ्या नाक मुरडण्याची परतफेड लवकरच झाली. बीबी आपलं नाव गिरवत होत्या. आपलं नाव, मग ‘बिन्त’, मग वडिलांचं नाव. तिकडे बाईचं नाव लग्नाने बदलत नाही. चार लग्नं होऊ देत, ती मरेपर्यंत अमक्याची मुलगी. बीबींनी वही माझ्यापुढे सरकवली, की आता तुझं लिही. मी सांगितलं, आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. आडनाव, मधलं नाव, पुष्कळदा पहिलंसुद्धा. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहितात. माझं माहेरचं नाव शोभा होतं, ते त्या ताटात गेलं.

बीबी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात विचारलं, “तुझे वडील वारले होते का तेव्हा?”

“नाही. चांगले धडधाकट आहेत.”

“मग त्यांचं नाव कुठे गेलं?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. तिकडे टिकतं तेही बापाचंच नाव, आईचं दोन्हीकडच्या नावांत तेव्हा कुठेच नव्हतं, हे मला सुचलं ते रात्री भांडी आवरताना. अशी उत्तरं नेहमी भांडी आवरतानाच सुचतात.

बीबी शिकायला का बसल्या, ते त्यांनी सरळ कधी सांगितलं नाही. तुकड्यातुकड्यांनी कळलं. ओमानच्या आतल्या भागात, निझवा शहराकडच्या एका खेड्यात लहानपणी झाडाखाली बसून त्यांनी कुराण पाठ केलं होतं. पान उघडलं की कुठून काय सुरू होतं ते बरोबर सांगायच्या, बोट फिरवत धडाधड म्हणायच्या, पण त्यातलं एक अक्षर वेगळं काढून दाखवलं तर ओळखू यायचं नाही. मुलींना वाचनापुरतं शिकवायचं, लिहायला नाही, अशी रीत. लिहायला आलं तर ती कुणाला लिहील? हा प्रश्न आपल्याकडच्या जुन्या घरांनीही विचारलेला आहे, जवळजवळ याच शब्दांत.

बारा-तेराव्या वर्षी लग्न झालं. यजमान गलबताने झांझिबारला जायचे, दोन-दोन, तीन-तीन वर्षं तिकडेच. पत्र यायचं. ते पत्र मशिदीतले मुतव्वा, म्हणजे धर्मशिक्षक, मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ओसरीवर निम्मं गाव ऐकायला बसलेलं असायचं. उत्तरही त्यांनीच लिहायचं. “मी काय सांगणार?” बीबी म्हणाल्या. “सगळे बरे आहेत, फलजला पाणी आहे, बकरी व्याली. एवढंच सांगायचं.” फलज म्हणजे डोंगरातून बागांपर्यंत खेळवलेला पाण्याचा पाट. नवऱ्याला लिहायच्या पत्रात पाटाचं पाणी आणि बकरी. हे सांगताना त्या हसल्या, आणि पेन्सिल सुरम्याच्या काडीसारखी बोटांत धरून पुन्हा ‘नून’ काढायला लागल्या.

झांझिबारच्याच राजवाड्यातली एक गोष्ट मला इथे आठवते. ओमान आणि झांझिबार या दोन्हींचा सुलतान सैयद सईद, त्याची मुलगी साल्मे, जन्म 1844. राजकन्या झाली म्हणून काय, मुलींना वाचन तेवढं. साल्मेने चोरून लिहायला शिकायचं ठरवलं. पाटी म्हणजे उंटाच्या खांद्याचं रुंद हाड, समोर कुराण, आणि त्यातली अक्षरं जशीच्या तशी उतरवून काढायची. मग थोड्याफार शिकलेल्या एका गुलामाकडून वळण सुधारून घेतलं. उघडकीला आलं तेव्हा घरात खूप बोलणी बसली. पण पुढची गंमत अशी की 1859 साली एका भावाने दुसऱ्या भावाच्या गादीविरुद्ध बंड केलं, तेव्हा गुप्त पत्रं लिहायला विश्वासातलं माणूस हवं होतं, आणि ते काम आलं या पंधरा वर्षांच्या मुलीकडे. जिने कुणाला लिहू नये म्हणून सगळा बंदोबस्त होता, तिच्याच हाताने घरातलं राजकारण लिहिलं गेलं. बंड फसलं. पुढे ती एका जर्मन व्यापाऱ्याशी लग्न करून हॅम्बुर्गला गेली आणि 1886 साली तिच्या आठवणी छापून आल्या. म्हणून हे सगळं आपल्याला कळतं.

बीबींच्या तीन मुलांत ओमानचा अख्खा इतिहास मावतो. थोरली मुलगी 1956 ची, मग घरमालक 1958 चे, आणि यजमान कायमचे परत आल्यावर झालेली धाकटी 1966 ची. 1970 पर्यंत सगळ्या देशात तीन शाळा होत्या, त्यात नऊशेच्या आसपास मुलगे, आणि मुलगी एकही नाही. सुलतान सईद बिन तैमूरला शिक्षणाची भीती वाटायची. हा माणूस स्वतः आपल्या अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेला! 23 जुलै 1970 ला मुलाने, काबूसने, त्याला गादीवरून उतरवलं. काबूस सुलतानांचं वाक्य ओमानमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ असतं: झाडाच्या सावलीत बसवावं लागलं तरी आपल्या मुलांना शिकवू. ते अलंकारिक नव्हतं. खरोखरच झाडाखाली आणि तंबूत वर्ग भरले. पहिल्याच वर्षी शाळा सोळा झाल्या, विद्यार्थी सात हजारांच्या घरात गेले, त्यात हजाराच्या वर मुली. शिक्षक आले इजिप्त, जॉर्डन, सुदानमधून. एकाच इमारतीत सकाळी एक पाळी, दुपारी दुसरी. एक बारीकशी गोष्ट सरकारी समारंभांतून सांगितली जात नाही, ती अशी की दक्षिणेत धोफारच्या डोंगरात ज्या डाव्या बंडखोरांशी सुलतानाचं युद्ध चालू होतं, त्यांनीही आपल्या शाळांत मुलींना मुलांच्या बरोबरीने बसवलं होतं. तेव्हा मुलींना शाळेत कोण आधी नेतं, अशी थोडी चढाओढही होती म्हणायला हरकत नाही.

घरमालक बारा वर्षांचे घोडे झाले होते तेव्हा पहिलीत बसले. धाकटी बहीण वेळेवर शाळेत गेली आणि शिक्षिका झाली. थोरलीचं 1970 साली लग्न होऊन वर्ष झालं होतं.

ती दर शुक्रवारी यायची. भरदार, हसरी बाई, सगळ्या घराला धाकात ठेवणारी. टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला आणि खाली अरबी अक्षरं धावायला लागली की ती उठून स्वयंपाकघरात जायची. एवढंच. कुणी काही बोलायचं नाही. बीबी मात्र तिच्या पाठीकडे बघत राहायच्या. मला वाटतं, बीबी साठीला वही घेऊन बसल्या त्यात त्या पाठीचा वाटा होता, पण हा माझा तर्क. सरकारचे प्रौढ साक्षरतेचे वर्ग जवळच भरायचे. तिथे जायला मात्र मायलेकी दोघींनीही साफ नकार दिला होता, पोरवयाच्या बाईपुढे बाकावर कोण बसणार म्हणून.

निरक्षर माणसाला अरबीत शब्द आहे ‘उम्मी’. आणि ‘माझी आई’ याला शब्द ‘उम्मी’च. उच्चाराला जवळजवळ सारखा, लिहायलाही तोच. व्युत्पत्ती अशी सांगतात की आईच्या पोटातून जसा आला तसाच राहिलेला, तो उम्मी. तिसरीतल्या मुलीने हे आम्हाला शाळेत शिकल्याच्या उत्साहात सांगितलं. बीबींना त्यात काहीच नवल वाटलं नाही. म्हणाल्या, बरोबरच आहे.

त्याच मुलीच्या शाळेच्या भिंतीवर एका इजिप्शियन कवीची ओळ रंगवलेली होती: आई म्हणजे शाळा, तिला घडवलंत तर अख्खा समाज घडवलात. ही ओळ अरब जगात मुलींच्या शाळांवर जागोजाग भेटते. आपली ‘जिच्या हाती पाळण्याची दोरी’ आठवावी अशीच. 1899 साली कैरोत कासिम अमीनने स्त्रियांच्या मुक्तीवर पुस्तक लिहून वादळ उठवलं, त्याचा एक मोठा मुद्दा हाच होता, की अडाणी आईच्या मांडीवर शहाणी पिढी कशी वाढेल? मला हा युक्तिवाद कधी मनापासून पटला नाही. त्यात मुलीला शिकवायचं ते तिला अजून न झालेल्या मुलासाठी. पण खरं सांगायचं तर याच युक्तिवादाने काम केलं. ‘मुलीला शिकायचंय’ असं म्हटलं की बाप, चुलते, मामा सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. ‘उद्याच्या आईला शिकवायचंय’ म्हटलं की दार किलकिलं व्हायचं. सौदी अरबस्तानात जेद्दामध्ये 1955 साली इफ्फत या युवराज (पुढे राजे) फैसलच्या बायकोने मुलींची शाळा काढली, तिचं नाव ठेवलं दार अल-हनान, मायेचं घर. शाळेला घर म्हणायचं, म्हणजे मुलगी घराबाहेर गेलीच नाही असं होतं. फार हुशार बाई.

सगळ्यांना असं आडवळण जमलं नाही, किंवा परवडलं नाही. इजिप्तच्या नबविया मूसाला वडील नव्हते. भावाने घरी वाचायला शिकवलं. पुढे शाळेत जायला आईचा विरोध, तेव्हा या मुलीने आईचा शिक्का चोरून अर्जावर उमटवला, आणि नंतर ते स्वतःच लिहून ठेवलं. शिक्षिका झाल्यावर लक्षात आलं की पुरुष शिक्षकाला महिना बारा पौंड, तिला सहा. का, तर ते माध्यमिक शाळांत परीक्षा झालेले. मुलींना त्या परीक्षेचा वर्गच नव्हता. तिने घरी अभ्यास करून 1907 साली ती दिली, पास झाली, आणि बारा पौंड मागितले. त्यानंतर इजिप्शियन मुलींनी ती परीक्षा दिली ती थेट 1928 च्या सुमारास. मध्ये वीस वर्षं कुणी नाही. तिने लग्न केलं नाही. ती कुणाची उम्म झाली नाही. उद्याच्या आईचा युक्तिवाद तिच्यापुढे येऊन थांबतो.

आणि जिथे किलकिलं झालेलं दारही लोकांनी पुन्हा लोटायला बघितलं, तीही उदाहरणं आहेत. सौदीत 1960 साली मुलींच्या सरकारी शाळा सुरू झाल्या, पण धर्मगुरूंच्या देखरेखीखाली, वेगळ्या खात्यात. बुरैदा गावात 1963 ला शाळा उघडायच्या विरोधात माणसं रियाधपर्यंत गाऱ्हाणं घेऊन गेली. बंदोबस्तात शाळा उघडली, तर पहिलं जवळजवळ वर्षभर पटावर एकच मुलगी, मुख्याध्यापिकेची, असं सांगतात. ते वेगळं खातं बेचाळीस वर्षं चाललं. मार्च 2002 मध्ये मक्केत मुलींच्या शाळेला आग लागली, पंधरा मुली गेल्या. अबाया न घेता बाहेर पडणाऱ्या मुलींना धार्मिक पोलिसांनी अडवलं, असं सौदी वर्तमानपत्रांनीच छापलं. सरकारी चौकशीने ते नाकारलं. पण त्याच महिन्यात त्या खात्याचा प्रमुख गेला आणि मुलींच्या शाळा शिक्षण मंत्रालयात आल्या. ती बातमी आली त्या दिवशी घरमालक मुलींना आणायला नेहमीपेक्षा अर्धा तास आधी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे होते.

आमची तिसरीतली मास्तरीण 2008 मध्ये बारावी झाली. भरपूर गुण मिळाले. तोवर तिकडे मुली इतक्या पुढे गेल्या होत्या की मस्कतच्या विद्यापीठात मुलामुलींचं प्रमाण राखायला काही शाखांत मुलींना जास्त गुण लागायचे. उच्च शिक्षण खात्याची मंत्री 2004 पासून एक बाई होती. आमच्या या मास्तरणीला मात्र हवं होतं भूगर्भशास्त्र, आणि तेही ब्रिटनला जाऊन. ओमानचे उघडे डोंगर बघायला जगभरातले भूगर्भवाले येतात, कारण पृथ्वीच्या पोटातला खडक तिथे हाताला लागतो. आणि ही निघाली तेच शिकायला ब्रिटनला. असो. शिष्यवृत्ती मिळत होती.

मी मनात खलनायक ठरवून बसले होते, घरमालक. दिशदाशा म्हणजे पायघोळ पांढरा झगा, दाढी, शुक्रवारचा नमाज, पाच मुलांचे वली, म्हणजे पालक. ते म्हणाले, जाऊ दे की. नाही म्हणाल्या त्या बीबी.

आठ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. खालून वरपर्यंत आवाज यायचे. मी एकदा मध्ये पडायला गेले. बीबी, तुम्ही स्वतः साठीला शिकलात आणि असं कसं म्हणता, असं माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं. त्यांनी दल्ला उचलून माझ्या फिंजानात कॉफी ओतली, म्हणजे गप्प बस. मग म्हणाल्या, “शिकायला माझं काय जातंय? पण कुणी समुद्रापलीकडे गेलं की काय होतं, ते तुम्हा कुणाला माहीत नाही. मी बारा वर्षं पत्रांची वाट बघितली आहे.”

नातीने हे ऐकलं. ती त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, “बीबी, पण आता माझं पत्र तुला कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही.”

बीबी एवढ्यावर विरघळल्या असं नाही. त्यांनी अट घातली, सोबत भाऊ जाईल. सौदीतल्या सरकारी शिष्यवृत्तीला तेव्हा मुलीबरोबर असा राखणदार लागायचाच. ओमानात नियम नव्हता, पण बीबींचा होता. वर्षाने मोठा भाऊ, बारावी कशीबशी झालेला, बहिणीची राखण करायला निघाला. तिकडे ती दिवसभर प्रयोगशाळेत, आणि हा इंग्रजीच्या शिकवणीत दोनदा नापास होऊन घरी. करणार काय? स्वयंपाक करायला लागला. आईला रोज फोन, लिंबू वाळवलेलं घालायचं की ताजं, तांदूळ किती वेळ भिजवू. तीन वर्षांनी ती पदवी घेऊन आली आणि तो उत्तम मजबूस, म्हणजे मसालेदार मांस-भात, शिकून आला. त्या घरात पाणी पिऊन झालेला पेलाही पुरुषाने उचलल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. पहिल्या शुक्रवारी त्याने स्वतः वाढलं तेव्हा थोरली आत्या हसून हसून ओढणीत तोंड लपवून रडली.

पत्रं एकंदर पाचच आली. मोठ्या अक्षरात, एकेक टिंब ठसठशीत. बाकी सगळं फोनवर. बीबींनी ती पाच पत्रं चहाच्या डब्यात ठेवली होती आणि एकटीने, दार लावून वाचायच्या. एकदा मी न विचारता आत गेले तर पत्र झटकन उशीखाली गेलं. काय लिहिलंय, ते त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

2012 ला आम्ही मस्कत सोडलं. निघायच्या आदल्या रात्री बीबींनी खजुराचा डबा दिला, वर चिकटपट्टी लावलेला. वहीत एकदा विचारलेलं माझ्या वडिलांचं नाव त्यांनी नातीला पुन्हा विचारून घेतलं होतं म्हणे. अरबीत ‘प’ नाही. डोंबिवलीला आल्यावर सामान उघडलं तेव्हा डब्यावरची निळी अक्षरं एकेक करून लावत मी वाचलं: शोभा, बिन्त, बांदुरंग. ‘बिन्त’वर टिंबं पाच होती. एक जास्तीचं.